घरी मोटरसायकलचा कॅमशाफ्ट बदलताना लागणारी हत्यारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, स्वतः सेट करता येतात, ऑइल स्वतः बदलता येतं आणि आता इंजिनच्या डोक्यातल्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, हात घालावा असं वाटतंय, अशा माणसांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कोल्हापुरात अशी माणसं पुष्कळ. शेजारी, भाचे, तालमीतली पोरं मला जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण नुकसान होतं ते नेमकं त्याच ठिकाणी.

हे काम घरी जमतं का?

एक सिलिंडर, डोक्यात एकच कॅम आणि त्याला क्रँकवरून (पिस्टनने फिरणाऱ्या खालच्या दांड्यावरून) फिरवणारी टायमिंग चेन अशी गाडी असेल तर जमतं. आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्या याच घडणीच्या आहेत. साधारणपणे इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही. इंजिन उभं असेल तर टाकी काढावी लागते, एवढंच. मात्र आयुष्यात एकदाही टॅपेट सेट केले नसतील, तर कॅमने सुरुवात करू नका. आधी दोन-तीन वेळा टॅपेट सेट करा. त्यात क्रँक फिरवणं, खूण जुळवणं, फट मोजणारा फिलर गेज चालवणं हे सगळं हाताखालून जातं, आणि कॅमच्या कामाचा अर्धा भाग तोच आहे.

कॅमच खराब झालाय, हे हत्यार विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

हेडमधून, म्हणजे इंजिनच्या डोक्यातून, टकटक येते, टॅपेट मापात सेट केले तरी आठवड्याभरात पुन्हा येते, गाडीची ओढ कमी झालेली असते, ही लक्षणं. पण आवाजावर कॅम मागवू नका. सैल टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा, पण गेलेला, टेन्शनरही असाच आवाज काढतात, फक्त त्यात खरखर जास्त असते. टॅपेटची झाकणं उघडा आणि बॅटरीच्या उजेडात रॉकरचं, म्हणजे कॅम ज्या पट्टीला दाबतो तिचं, तोंड व कॅमचा फुगीर भाग, म्हणजे लोब, नीट बघा. तिथे चकाकी हवी. खड्डे, ओरखडे किंवा चपटा पट्टा दिसला तर कॅम गेला. रॉकरचं तोंडही तसंच झालेलं असेल तर रॉकरसुद्धा नवीन घ्या. खड्डे पडलेला रॉकर नव्या कॅमला थोड्या दिवसांत खाऊन टाकतो.

कमीत कमी कोणती हत्यारं लागतात?

८, १० आणि १२ नंबरचे टी पाने. त्याच मापांचे रिंग पाने. एक चांगला सॉकेट सेट, त्यात लहान आणि लांब एक्स्टेन्शन. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की. प्लग पाना; आपल्या बहुतेक लहान गाड्यांचा प्लग बारीक आट्यांचा असतो आणि त्याला १६ नंबरचा पाना बसतो. टॅपेटच्या चेकनटला गाडीनुसार ८, ९ किंवा १० नंबरचा पाना आणि स्क्रूच्या चौकोनी डोक्याला बसणारा लहान टॅपेट पाना. रबरी किंवा नायलॉनचा हातोडा, नाकाडा प्लास, पॅकिंग खरवडायला प्लास्टिकची पट्टी.

एवढं सामान गाडी हाताळणाऱ्याच्या घरी बहुतेक असतंच. विकत घ्यावे लागतात ते फिलर गेज आणि लहान मापाचा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती आवळला हे मोजणारा पाना. पैसे या दोघांवर घाला. मोजणारी हत्यारं स्वतःची हवीत. ओढणारी आणि ठोकणारी हत्यारं, म्हणजे पुलर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन तासांसाठी मागून आणता येतात.

पाने भारतीय बनावटीचे चालतात. नाशिकच्या तपारियाचे रिंग पाने मी कित्येक वर्षं वापरतोय, त्यांची तोंडं अजून पसरलेली नाहीत. ज्याचं तोंड पसरलंय असा डी पाना मात्र हेडच्या बोल्टला लावू नका. षटकोनी डोकं एकदा गोल झालं की पुढचे तीन तास त्या एका बोल्टमागे जातात.

टॉर्क रेंच खरंच लागतो का? मिस्त्री तर हातानेच आवळतात.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

वीस वर्षं रोज तेच काम करणाऱ्या मिस्त्रीच्या मनगटात माप बसलेलं असतं. आपण वर्षातून एकदा हेड उघडतो, आपल्या मनगटात ते नसतं. कॅम होल्डर आणि हेड कव्हरचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर आट्यांचे असतात आणि ते ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये बसतात. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर इतकाच ताण द्यायचा असतो. एक किलो वजन एक मीटर लांब दांडीच्या टोकाला टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढाच. टी पान्याने दोन्ही हातांनी आवळलं तर त्याच्या दुप्पट ताण कधी गेला हे कळतही नाही. बोल्ट पोलादी, हेड ॲल्युमिनिअमचं, त्यामुळे हार खातं ते हेड.

माझ्याकडून हे झालं आहे. मामांच्या गाडीचा कॅम होल्डर बसवताना चौथा बोल्ट ‘अजून थोडा’ म्हणून आवळला आणि हाताला तो लोण्यासारखा मऊ लागला. ती जाणीव मी विसरलेलो नाही. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनिअमची तार गुंडाळलेली होती. कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात नेऊन हेलिकॉइल बसवून घेतलं, म्हणजे जुनं भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात स्टीलची स्प्रिंग बसवली. काम उत्तम झालं, ते हेड अजून चालतंय. पण त्यासाठी हेड पूर्ण उतरवावं लागलं, नवीन पॅकिंग आलं आणि एका दुपारचं काम चार दिवसांवर गेलं. मामा एका शब्दानेही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

घरी हे काम करताना टायमिंग चुकण्यापेक्षा आटे जाण्याची भीती मोठी आहे. टायमिंग चुकलं तर इंजिन हाताने फिरवून तपासताना सापडतं आणि सुधारता येतं. गेलेले आटे परत येत नाहीत.

कोणत्या मापाचा टॉर्क रेंच घ्यावा?

पाव इंची चौकाचा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा. चारचाकीची चाकं आवळायला वापरतात तो अर्धा इंची रेंच या कामाला निरुपयोगी आहे, कारण त्याची सुरुवातच बऱ्याचदा २८ किंवा ४० न्यूटन मीटरला होते. मोजपट्टीच्या अगदी खालच्या टोकाला कोणत्याही रेंचचं माप कमी भरवशाचं असतं, म्हणून आपलं १० हे माप साधारण मध्याच्या आसपास येईल असा रेंच बघायचा.

काही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये माप किलोग्रॅम-मीटरमध्ये देतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर. रेंचचा ‘टक्’ आवाज आला की थांबा, खात्रीसाठी पुन्हा ओढू नका. काम झालं की माप सर्वांत खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहते आणि हळूहळू रेंच खोटं बोलायला लागतो.

बोल्ट काढतानाही काही क्रम असतो का?

असतो, आणि तो बरेच जण विसरतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कॅमला खालून वर रेटत असतात. एका बाजूचे बोल्ट आधी पूर्ण काढले तर होल्डर तिरका होतो आणि तडकू शकतो. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, प्रत्येक वेळी पाव ते अर्धा फेरा असे सैल करा. बसवतानाही तसंच, दोन-तीन टप्प्यांत.

फिलर गेज कसा निवडायचा?

०.०५ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या, पातळ पात्यांची संख्या जास्त असलेला. टॅपेटची फट गाडीगणिक बदलते आणि तिचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. पातं आत जाताना किंचित ओढ लागली पाहिजे. सैल सरकलं तर फट जास्त, ढकलावं लागलं तर कमी.

फट थंड इंजिनवर मोजायची. होंडाच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी न चालवताही तेवढी तापलेली असते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला सुरू करा, गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून.

मॅग्नेट पुलर विकत घ्यावा लागेल का?

पुलर म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक, म्हणजे मॅग्नेट, ओढून काढणारं हत्यार. फक्त कॅम बदलायचा असेल तर सहसा नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात. एकातून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लागतो, दुसऱ्यातून टायमिंगची खूण दिसते. तेवढ्यावर भागतं. ही झाकणं मोठ्या नाण्याने किंवा रुंद तोंडाच्या ड्रायव्हरने उघडा. साध्या ड्रायव्हरने त्यांच्या खाचा फाटतात.

टायमिंग चेनही बदलायची असेल आणि ती मॅग्नेटच्या मागे असेल, तर पुलर लागतोच. त्याचे आटे तुमच्याच मॅग्नेटचे हवेत. ड्रायव्हर घालून मॅग्नेट उचकटायचा किंवा हातोडीने ठोकायचा प्रयत्न करू नका. आतले चुंबक तडकतात.

टायमिंग चेन खाली पडली तर?

पडू देऊ नका. कॅमवरचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, सोडण्याआधीच चेनला बाइंडिंग वायरचा तुकडा अडकवून फ्रेमला बांधा. चेनच्या बोगद्यात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबा, नाहीतर निसटलेला बोल्ट थेट क्रँककेसमध्ये जातो. दांडी लांब होणारी चुंबकाची काडी जवळ ठेवा. ही काडी स्वस्त मिळते आणि एका प्रसंगात आपले पैसे वसूल करते. ॲल्युमिनिअमचा किंवा तांब्याचा वॉशर मात्र तिला चिकटत नाही.

त्याआधी टेन्शनर ढिला करायचा. स्क्रूच्या घडणीचा टेन्शनर असेल तर मागची लहान टोपी काढून बारीक ड्रायव्हरने आतला स्क्रू फिरवून तो मागे घेता येतो. धरून ठेवायला पत्र्याची लहान किल्ली करतात. जुन्या पत्र्याच्या डब्यातून कापलेली चालते. टेन्शनर मागे न घेता नवा कॅम बसवला तर चेन इतकी ताठ होते की स्प्रॉकेट जागेवर येतच नाही, आणि लोक तिथे जोर लावतात. जोर लावावा लागतोय म्हणजे आधीचं काहीतरी राहिलंय.

टायमिंगची खूण जुळवायला खास हत्यार लागतं का?

नाही. क्रँकला बसणारा सॉकेट, उजेड आणि सबुरी. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण कव्हरच्या खाचेसमोर आणायची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर आला. जवळच असलेली ‘एफ’ खूण ठिणगीची, तिच्यावर थांबू नका. आता दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ असेल तर हा कॉम्प्रेशनचा टप्पा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. एखादा ताठ असेल तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो. मग कॅम स्प्रॉकेटवरच्या रेषा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी आल्या पाहिजेत. उघडण्याआधी मोबाइलवर समोरून फोटो काढून ठेवा, तिरका काढला तर फसवतो.

चेन एका दाताने पुढे-मागे बसली तर काय बिघडतं, असं विचारतात. समजा स्प्रॉकेटला ३२ दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे सव्वाअकरा अंश आणि क्रँकचे साडेबावीस. एवढ्याने गाडी सुरू झाली तरी ओढत नाही, आणि जास्त चूक झाली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतो. म्हणून सगळं जोडल्यावर किक किंवा सेल्फला हात लावण्याआधी प्लग काढून, क्रँक सॉकेटने हळू हळू दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक अडकलं तर तिथेच थांबा. मग खुणा पुन्हा बघा.

पिस्टन वर आलाय का हे बघायला प्लगच्या भोकात प्लास्टिकची नळी घाला. ड्रायव्हर किंवा तार घालू नका.

मायक्रोमीटर हवा का, की व्हर्निअर चालेल?

लोबची उंची मोजून कॅम झिजला की नाही हे ठरवायचं असेल तर मायक्रोमीटर. तो ०.०१ मिलिमीटर दाखवतो आणि झिजेचा हिशेब त्याच पातळीवर असतो. साधा व्हर्निअर ०.०२ पर्यंतच जातो आणि त्याच्या चिमट्यांखाली गोलाई नीट धरली जात नाही. लहान गाड्यांच्या लोबला २५ ते ५० मिलिमीटरचा मायक्रोमीटर लागतो.

हा मात्र विकत घेऊ नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनशॉपला जाणारा एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत आहे, आणि त्याच्या हातात हे हत्यार दिवसभर असतं. कॅम स्वच्छ पुसून त्याच्याकडे न्या. नवा कॅमही त्याच वेळी मोजून घ्या.

माझ्या गाडीत दोन कॅम आहेत. वेगळं काय लागेल?

अशा बहुतेक इंजिनांत टॅपेटचा स्क्रू नसतो. फट शिमने, म्हणजे बटणाएवढ्या चकतीने ठरते. ती जास्त-कमी करायची तर कॅम उतरवून चकती बदलावी लागते. ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, चकती उचलायला चुंबक आणि कुठली चकती कुठून निघाली याची नोंद, एवढं हवंच. मी आप्पेपात्र वापरतो, प्रत्येक खळग्यात एक चकती आणि काठावर मार्करने नाव. घरच्यांना विचारून जुनं घ्या. पहिल्यांदाच कॅम बदलणाऱ्याने दोन कॅमच्या गाडीवर शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बुलेट?

जुन्या बुलेटचे कॅम डोक्यात नाहीत, खाली उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये गिअरसह बसतात आणि लांब काड्यांनी, म्हणजे पुशरॉडने, व्हॉल्व्ह हलवतात. तिथे टायमिंग चेन नाही, काम वेगळं, हत्यारंही वेगळी. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डच्या मिटिऑरबरोबर आलेल्या ३५० च्या नव्या इंजिनात मात्र कॅम वर आहे आणि चेन आहे. आपली कोणती ते आधी बघा.

कव्हरचे स्क्रू सुटतच नाहीत.

इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीने मागून मारला की तो स्क्रू दाबत दाबतच फिरवतो, म्हणून खाच फाटत नाही. जपानी घडणीच्या गाड्यांचे चार खाचांचे स्क्रू आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरपेक्षा थोडे वेगळे असतात, त्यामुळे साधा ड्रायव्हर वर सरकतो. आधी रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

हत्यारं कोल्हापुरात कुठे बघावीत?

शिवाजी उद्यमनगर. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी ऑइल इंजिनं घडवली, त्या गावात चांगल्या पान्यासाठी ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट बघण्याचं कारण नाही. दुकानात पाना हातात घेऊन, आपला एक बोल्ट बरोबर नेऊन त्यावर बसवून बघता येतो. पुलर मिळत नसेल तर मॅग्नेटच्या आट्यांचं माप द्या, लेथवाला करून देतो. जुन्या बाजारातले रिंग पाने घ्यायला हरकत नाही, पण जुना टॉर्क रेंच आणि जुना फिलर गेज घेऊ नका. गेजच्या पात्यावर गंजाचा एक ठिपका असला तरी माप बदलतं.

पुरात बुडालेल्या गाडीचा कॅम गेला आहे. काही जास्त करावं लागेल?

हो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, तेव्हा कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. मामांची गाडी त्यातलीच, दुधाळी भागात बुडालेली. ऑइल काढलं तर चहासारखं निघालं. गाडी पुन्हा सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं वाचली. पण गंजाने कॅमवर आणि त्याच्या बेअरिंगवर बारीक खड्डे पाडले होते आणि काही महिन्यांनी टकटक सुरू झाली.

अशा गाडीत फक्त कॅम बदलून थांबू नका. कॅमची बेअरिंग हातात धरून फिरवा, खरखर लागली तर बदला. बेअरिंग काढायला गाडीनुसार पुलर लागतो, तो मागून आणा. हेडला ऑइल नेणारी वाट आणि ऑइलची जाळी गाळाने भरलेली असते. ती साफ केली नाही तर नवा कॅम कोरडा चालेल आणि लवकरच तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

हत्यारांशिवाय आणखी काय आणून ठेवू?

नवीन पॅकिंग आणि ओ-रिंग, उघडण्याच्या आदल्या दिवशीच. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं नवं ऑइल. मॅन्युअल जिथे सांगतं तिथेच लावायला थोडा सीलंट. जास्त लावला तर तो आत सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो. रॉकेल आणि ब्रश, कारण इंजिन बाहेरून धुतल्याशिवाय उघडायचं नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे चालून इंजिनच्या पंखांत, म्हणजे फिन्समध्ये, धुळीचा थर बसलेला असतो, तो हेडमध्ये पडला तर सगळं व्यर्थ. आणि जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा: त्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचा. बोल्टची लांबी वेगवेगळी असते.

नवा कॅम कोरडाच बसवायचा का?

कधीच नाही. लोब, बेअरिंगच्या जागा आणि रॉकरचं तोंड यांना स्वच्छ इंजिन ऑइल किंवा मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. पावसाळ्यात कॅम खोक्यातून काढून रात्रभर तसाच ठेवू नका, आपल्या हवेत त्यावर तांबूस छटा येते.

पहिल्यांदा सुरू करताना?

प्लग काढलेला, चावी बंद, आणि वीस-पंचवीस किक. फक्त सेल्फची गाडी असेल तर मधल्या स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे फिरवा. त्यामुळे ऑइल वर पोचतं. मग प्लग लावून सुरू करा, ॲक्सिलरेटर न पिळता मिनिटभर ऐका. पहिल्या दोन-तीन सेकंदांतली थोडी टकटक चालते, तीस सेकंदांनंतरची नाही. ती आली तर बंद करा आणि टॅपेट पुन्हा मोजा, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.

जुनं ऑइल आणि धुतलेलं रॉकेल कुठे टाकायचं?

गटारात नाही. आपली गटारं जयंती नाल्याला आणि तो पंचगंगेला मिळतो. कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजवर द्या, त्यांच्याकडून जुनं ऑइल गोळा करणारे घेऊन जातात. रॉकेल त्यात मिसळू नका, त्याचा डबा वेगळा ठेवा. गाळ खाली बसला की वरचं रॉकेल पुढच्या वेळी इंजिन बाहेरून धुवायला चालतं.